ओढणीआडचा नंबर

१२ जानेवारी

ठिपके,

आशीर्वाद तुझ्या नावावर कायमचे जमा आहेत, दरवेळी नवे लिहीत नाही. फोन सोडून पत्र का, असं विचारू नकोस. फोनवर तू ‘हं, हं’ करत भलतंच काहीतरी करत असतेस, ते मला इथे बसून कळतं. पत्र वाचायचं तर माणसाला निदान हात रिकामे ठेवावे लागतात.

आता कामाचं. गाडी विकायची आहे. दचकू नकोस, घरात सगळं ठीक आहे. गुडघे कुरकुरतात, दुसरं काही नाही. क्लच दाबला की गुडघ्यातून असा आवाज येतो की मेकॅनिक आधी बॉनेट उघडेल. शिवाय आम्हाला आता जायचंय कुठे? सकाळी तुझ्या मामीला शिवणकामाच्या कारखान्यात सोडायचं, संध्याकाळी आणायचं. एवढ्यासाठी गाडी पोसायची म्हणजे चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला. बस दाराशी थांबते, तिने जावं बसने.

तू त्या जुन्या गाड्यांच्या जाहिरातींच्या कंपनीत आहेस. घरचं माणूस असताना मी बाहेर कशाला विचारू? काय काय लागतं ते कळव. मामीला अजून बोललो नाही, गिऱ्हाईक ठरलं की सांगेन. तिच्या एका प्रश्नाला उत्तर दिलं की त्याला सात पिल्लं होतात, हे तुला ठाऊक आहे.

दुकानात अधूनमधून जातो. नंबरप्लेटा रंगवून घ्यायला आता कुणी येत नाही, सगळ्या यंत्रातून येतात, पण पाट्यांचं काम थोडंफार असतं. सध्या दाताच्या डॉक्टरांची पाटी हातात आहे. मात्र हल्ली बाजारात मेला सगळा माल खोटा. स्टीलची नवी पट्टी आणली, ती मधोमध वाकडी. बदलून आणली, तीही वाकडी. दुकानदार म्हणतो, ‘पेंटरकाका, सरळ तर आहे!’ मी म्हटलं, बाबा रे, तुझ्या जन्माआधीपासून सरळ रेघा मारतोय, मला शिकवू नकोस.

तुझा मामा


२० जानेवारी

मामा,

नमस्कार केला असं समजा. दचकू नकोस म्हणालात म्हणून जास्तच दचकले. त्या गाडीच्या मागच्या सीटवर मी पाढे पाठ केलेत, रुसून बसलेय, एकदा तर उलटीही केलीय आणि मामीला सांगू नका म्हणून तुमच्या हातापाया पडलेय. तुम्ही सांगितलं नाहीत. हॉस्टेलवर सोडायला आलात तेव्हा परत निघताना गाडी तीनदा बंद पडली. गाडीत काही बिघाड नव्हता हे मला खिडकीतून दिसत होतं. आई गेल्यावर तुमच्या घरी आले तेव्हापासून तुम्ही दोघांनी मला कधी पाहुणी वाटू दिलं नाही. हे तोंडावर बोलायची हिंमत होत नाही, म्हणून बरं झालं तुम्ही पत्र मागता.

तुमचा निर्णय पक्का असेल तर जाहिरात टाकू. पण आधी माझं काम काय ते ऐका. आजवर नीट सांगितलं नाही, कारण तुम्ही हसाल अशी खात्री होती. लोक विकायच्या गाडीचे फोटो पाठवतात. त्यातला नंबर जगाला दिसू नये म्हणून यंत्र तो आपोआप पुसट करतं, आणि यंत्राच्या चुका मी शोधते. ते कधी घराचा नंबर पुसतं, कधी भिंतीवरचं घड्याळ. एकदा मालकाचे हसरे दातच पुसून टाकले. आणि खरा नंबर मात्र मागच्या दुकानाच्या काचेत उलटा दिसत राहतो.

आता तुम्ही म्हणाल, झाकायचा कशाला? मागे एका मास्तरीणबाईंनी दुसरीकडे कुठे तरी उघड्या नंबराचा फोटो टाकला होता. कुणीतरी तसाच नंबर बनवून तशाच रंगाच्या, तशाच गाडीला लावला आणि धडक देऊन पसार झाला. बाईंची गाडी अंगणात उभी, आणि पोलीस दारात. बिचाऱ्यांना आपण घरीच होतो हे सिद्ध करत फिरावं लागलं.

तुमची पाटी तुम्हीच रंगवलेली, आणि हाताने रंगवलेली पाटी आमच्या यंत्राला ओळखता येत नाही. मी ती पुसली असती, पण घरच्या माणसाची जाहिरात आपण हाताळायची नाही असा नियम आहे, ती थेट साहेबांकडे जाते. तेव्हा फोटो काढायच्या आधीच पुढची-मागची पाटी नीट झाका. काहीही चालेल, फक्त नंबर वाचता आला नाही पाहिजे.

लहानपणी प्लेट रंगवून झाली की अक्षरं आणि आकड्यांच्या मधला ठिपका तुम्ही मला द्यायला लावायचात. त्या ठिपक्यांवरून माझं नाव पडलं, आणि आता मी सगळेच्या सगळे नंबर खाऊन टाकते.

तुमची ठिपकी


२९ जानेवारी

ठिपके,

तुझं पत्र अंगणात उन्हात बसून सावकाश वाचलं, दोन बैठकींत.

म्हणजे बघ, मी जन्मभर नंबर दिसावा म्हणून घाम गाळला. आरटीओचा साहेब रस्त्यापलीकडे उभा राहून वाचायचा आणि एक आकडा अंगाने बारीक वाटला तरी पाटी परत करायचा. आणि माझ्याच हाताखाली वाढलेली पोर तो झाकायचा पगार घेते! वर गेल्यावर आपल्या दोघांच्या पुण्याईची बेरीज शून्य येणार. शिवाय गाडी रस्त्याने जाते तेव्हा नंबर काय बुरखा घालून असतो का? हे सगळं तुला चांगलं झणझणीत लिहिणार होतो. पण मास्तरीणबाईंची गोष्ट वाचली आणि गप्प बसलो. कुणाच्या दारात उगाच पोलीस येऊ नयेत.

तर नंबर झाकला. आधी कागद लावला, तो वाऱ्याने उडाला. मग पुसायच्या कपड्यांत तुझ्या मामीची एक जुनी पांढरी ओढणी मिळाली, ती अर्धी पुढे बांधली, अर्धी मागे. चार पावलं मागे जाऊन पाहिलं, नुसतं पांढरं. एक आकडा दिसेल तर शपथ. फोटो तुझ्या फोनवर पाठवलेत, ते पोचले असतीलच.

जाहिरातीत सगळं खरं लिही. डाव्या दारावर एक ओरखडा आहे, तोही लिही. फाटकाचा खांब आडवा आला. खांब तसा सभ्य आहे, इतकी वर्षं आपल्या जागेवर होता, त्या दिवशी त्याला काय झालं कोण जाणे.

गिऱ्हाईक जरा लवकर मिळालं तर बरं. घाई नाही, पण लवकर.

तुझा मामा


६ फेब्रुवारी

मामा,

धन्य आहात!

साहेबांनी तुमचे फोटो पडद्यावर उघडले आणि माझ्या शेजारी बसणाऱ्या बाईने आपल्या खुर्चीतून न उठता सगळा नंबर खणखणीत आवाजात वाचून दाखवला. मामीची ती ओढणी धुऊन धुऊन इतकी झिरझिरीत झालीय की तिच्याआडून नंबर उलट नटूनथटून बसल्यासारखा दिसतो. सगळी कचेरी हसली. साहेब म्हणाले, ‘तुमचे मामा गमत्या स्वभावाचे दिसतात.’ मी म्हटलं, हो, पण ह्या वेळी गंमत माझ्या नोकरीच्या ठिकाणी केलीय.

तुमची खोडी मला पहिल्या फोटोतच कळली. नंबर झाकणं हा तुमच्या धंद्याचा अपमान, म्हणून झाकल्यासारखं करायचं आणि दाखवायचा. ‘एक आकडा दिसेल तर शपथ’ म्हणे! शाळेत असताना मी दूध प्यायले म्हणून कप दाखवायचे आणि दूध कुंडीत असायचं, तेव्हा मला कोण ओरडायचं?

फोटो परत आलेत. आता एक साधा जाड पुठ्ठा घ्या आणि चिकटपट्टीने लावा. आणि त्या दाराचं काय? ओरखडा म्हणालात, दार चांगलं आत गेलंय. खांबाच्या सभ्यतेबद्दल मला शंका नाही, तुमच्या वेगाबद्दल आहे. जपून चालवा, मामी असते बरोबर.

रागावू नका. मला तुमच्या खोड्या आवडतात, साहेबांना आवडतातच असं नाही.

तुमची ठिपकी


१४ फेब्रुवारी

ठिपके,

मी खोडी केली नाही. मला नंबर दिसला नाही म्हणून दिसला नाही लिहिलं. तुमच्याकडचे पडदे मोठे असतील. असो.

पुठ्ठा लावलाय. पण कोरा पुठ्ठा लावायला हात धजेना. जन्मात कोरी पाटी गाडीवर चढवली नाही, आता काय चढवू? म्हणून दोन पुठ्ठे कापले आणि त्यांवर ‘विकणे आहे’ रंगवलं. निळी अक्षरं, कडेने पांढरी रेघ, मागे काळी सावली. तू लहानपणी त्याला ‘अक्षराला स्वेटर घातला’ म्हणायचीस, तसं. पट्टी हातात घेतली नाही. पट्ट्यांवरचा माझा विश्वास उडालाय, नुसत्या नजरेने ओळ धरली. फार दिवसांनी मन लावून काम केलं, बरं वाटलं. तुझ्या साहेबांना सांग, म्हणावं असं काम आता पैसे देऊनही मिळत नाही.

दाताच्या डॉक्टरांनी पाटी परत पाठवली. त्यांना म्हणे छापील हवी. लोकांना हातच्या कामाची पारख राहिली नाही, दुसरं काय?

मामीला अजून सांगितलेलं नाही. रोज सकाळी सोडतो, संध्याकाळी आणतो. हळूच चालवतो, तू सांगितलंस म्हणून.

ह्या फोटोंत आता खोट काढू नका. मला पुन्हा पुन्हा जमणार नाही.

मामा


२२ फेब्रुवारी

मामा,

मुद्दाम मोठं लिहितेय. नंबरप्लेटच्या मापाचं.

नंबर नीट झाकलाय. साहेबांनी फोटो पास केले.

मी त्यांना जाहिरात थांबवायला सांगितली.

‘विकणे आहे’ची ओळ वाकडी आहे. अक्षरं लहानमोठी आहेत. शेवटचं अक्षर पुठ्ठ्याबाहेर चाललंय.

हा तुमचा हात नाही. तुमचा हात मला माहीत आहे.

पट्ट्या सरळ आहेत, मामा. ओढणीतून नंबर सगळ्यांना दिसत होता.

तुम्हाला दिसत नाहीये.

आज गाडी चालवू नका. उद्याही नको. डोळे दाखवा.

मी रागावले नाही. मी घाबरलेय.

ठिपकी


१० मार्च

ठिपके बाळा,

हे पत्र मामीचं आहे, अक्षरावरून कळलंच असेल. मला पत्र लिहायची सवय नाही, शिवण उसवून परत घातल्यासारखं होईल, सांभाळून घे.

तुझं पत्र ह्यांच्या नावाने आलं होतं, पण मी वाचलं. उघडून नाही, स्वयंपाकघराच्या दारातून. हे खुर्चीत पाठमोरे बसले होते आणि मी भांडी पुसत उभी होते. ह्यांनी पाकीट फोडलं, सवयीने हात खिशाकडे गेला, खिशातून एक भिंग अर्धं बाहेर आलं आणि तसंच परत आत गेलं. तुझी अक्षरं बघून भिंगाची गरजच पडली नाही. आमच्या घरात भिंग आहे हे मला त्या क्षणी कळलं. तू एकेका पानावर एकेक ओळ लिहिली होतीस. हे पान उलटायचे, आणि मी मागून वाचायची. ‘तुम्हाला दिसत नाहीये’ हे पान ह्यांनी किती वेळ तरी उलटलंच नाही.

मग मागे न बघता म्हणाले, ‘ठिपकीकडे कागद फार झालाय वाटतं.’

मी म्हटलं, ‘मला सगळं वाचता आलं.’

मग एकेक बाहेर पडायला लागलं. मला कारखान्यात सोडून परत येताना एकदा चौकात एक बाई बाबागाडी ढकलत रस्ता ओलांडत होती. ह्यांना दिवा दिसला, रस्ता दिसला, बाई दिसली नाही. तिनेच बॉनेटवर हात आपटला म्हणून ब्रेक लागला. बाळ झोपलेलं होतं, म्हणाले. त्या दिवसापासून गाडी विकायचं डोक्यात होतं. गुडघ्यांना काही झालेलं नाही, गुडघे माझ्यापेक्षा चांगले आहेत. मी विचारलं, ‘मग तेव्हाच का थांबला नाहीत?’ तर म्हणाले, ‘थांबलो असतो तर तू का म्हणून विचारलं असतंस. गाडी विकली गेली असती तर कुणाला काही कळलंच नसतं.’

बाळा, मी कधी अशी ओरडले नव्हते. रोज त्याच गाडीत शेजारी मी बसत होते! किल्ली उचलली आणि पिठाच्या डब्यात खोल खुपसली. त्या दिवशी चहा दिला तोही न बोलता. बशीत ओतताना ह्यांच्या हातून तो बाहेर सांडला, तसा तो गेलं वर्षभर सांडतोच आहे, आणि मी वयाला बोल लावत होते. तो सांडलेला चहा पुसता पुसता माझा राग गेला आणि रडू आलं. मग हेच म्हणाले, ‘चल, दाखवून येऊ.’

मोतीबिंदू असेल आणि तो पिकल्याशिवाय काढत नाहीत, अशी ह्यांची समजूत. म्हणून पिकायची वाट बघत बसले होते, जसा काही झाडावरचा आंबा. डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंनी समोरच्या फळ्यावरची अक्षरं वाचायला सांगितली. पहिली ओळ ह्यांनी वाचली. दुसरीला अडखळले. मी मागून हळूच कुजबुजले. काय करू, आपलं माणूस नापास होताना बघवत नाही. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, ‘बाई, तपासणी तुमची नाही.’ मी पुन्हा काही बोलणार, तर ह्यांनी हात वर केला.

‘मला दिसत नाही,’ म्हणाले. ‘वरची ओळ दिसते, तीही मधे वाकलेली. खालचं काही दिसत नाही.’

मोठ्याने म्हणाले. बाहेर बाकावर बसलेल्यांनीही ऐकलं असेल. इतक्या वर्षांत ह्यांनी मला अमुक जमत नाही असं कधी सांगितलं नव्हतं, आणि सांगितल्यावर तोंडावर असा आराम दिसला की मला त्यांची दया आली आणि अभिमानही वाटला. मग बाईंना पट्ट्यांची हकीकत सांगितली. त्या आधी हसल्या, मग गंभीर झाल्या. साखरेमुळे डोळ्यामागच्या पडद्याला सूज आलीय, म्हणाल्या, म्हणून सरळ रेघ वाकडी दिसते. साखरेच्या गोळ्या देणाऱ्या डॉक्टरांनी दरवर्षी डोळे तपासा म्हणून सांगितलं होतं, हे कधी गेलेच नाहीत. उजवा डोळा चांगला सावरेल, डावा थोडा मागे राहील. डोळ्यात इंजेक्शनं घ्यावी लागणार. ‘अजून काही महिने पट्ट्या बदलत बसला असतात,’ त्या म्हणाल्या, ‘तर माझ्या हातात काही राहिलं नसतं. वेळेवर कुणी आणलं तुम्हाला?’

हे म्हणाले, ‘भाचीने. पत्रातून.’

पहिलं इंजेक्शन पुढच्या गुरुवारी आहे. हे वरवर ठणठणीत आहेत, पण काल दाढी करताना शीळ घातली नाही. तुला यायला जमेल का?

तुझी मामी


१५ मार्च

मामी,

बुधवारी संध्याकाळी पोचते. साहेबांकडे रजा मागितली तर त्यांनी कारण विचारलं. सांगितलं, तेव्हा ते म्हणाले, ‘मी ते फोटो पास केले होते.’ त्यांची काही चूक नाही. नंबर झाकलेला होता, त्यांना तेवढंच बघायचं होतं. त्या पुठ्ठ्यावरची अक्षरं वाकडी आहेत हे कुणालाही दिसलं असतं, पण ती मामांची असूनही वाकडी आहेत हे फक्त मलाच दिसणार होतं.

हे पुढचं मामांना वाचून दाखव.

मामा, ओढणीचे फोटो आले तेव्हा मी हसले, तुम्हाला खोडकर म्हटलं. दुसरे फोटो आले तेव्हा आधी फार छान वाटलं. अक्षराला स्वेटर! आणि मग बघतच राहिले. तुम्ही एकदा दुकानाची अख्खी पाटी पुसून पुन्हा रंगवली होतीत, एक मात्रा किंचित झुकली म्हणून. गिऱ्हाईक म्हणत होतं चालेल, आणि तुम्ही म्हणत होतात मला चालणार नाही. तो माणूस ही ओळ मला कौतुकाने पाठवतो, म्हणजे त्याला ती दिसलेलीच नाही. मग मी ओढणीचे फोटो पुन्हा उघडले, आणि आता त्यांत खोडी दिसेना.

नेहमीच्या अक्षरात लिहिलं असतं तर तुम्ही सोयीचं तेवढं वाचलं असतं. म्हणून जाड मार्कर घेतला. लिहिताना भीती वाटत होती की तुम्ही पानं फाडून टाकाल आणि माझ्याशी बोलणार नाही. तुम्ही ऐकलंत. मला जे काही नीट बघता येतं ते तुमच्या दुकानातल्या स्टुलावर बसून आलं, आणि ते तुमच्याच उपयोगी पडलं, ह्याचा मला इतका आनंद आहे की कचेरीत सगळ्यांना सांगत सुटलेय.

किल्ली पिठातच राहू दे. गाडीचं काय करायचं ते आल्यावर ठरवू.

ठिपकी


२ ऑगस्ट

ठिपके,

पत्र मीच लिहितोय. पेन जाड आहे आणि खाली रेघांचा कागद ठेवलाय, पण हात माझा आहे. भिंग मामीने जप्त केलं, ते आता तिच्या शिवणाच्या डब्यात असतं.

काल तपासणी झाली. फळ्यावरच्या चार ओळी उजव्या डोळ्याने वाचल्या, पाचवीतली दोन अक्षरं अंदाजाने सांगितली, त्यातलं एक बरोबर आलं. डावा मागेच राहिला, तो तसाच राहील असं दिसतं. बारीक काम आता होणार नाही. दुकानाची किल्ली मालकाला परत केली, ब्रश मात्र घरी आणलेत. वाईट वाटलं का? वाटलं. पण डॉक्टरीणबाईंनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं की काय गेलं ते मोजू नका, काय राहिलं ते मोजा. मी मोजायला बसलो तर बरंच निघालं. अंगणातल्या दोरीवरचे चिमटे वेगवेगळ्या रंगांचे आहेत, मला वाटायचं सगळे राखाडी. तुझ्या मामीच्या कानामागे एक तीळ आहे. मी म्हटलं, हा कधी आला? ती म्हणाली, लग्नात बरोबर आणला होता.

पहिल्या इंजेक्शनला तू माझा हात धरला होतास. मी काही बोललो नाही, कारण बोललो असतो तर रडलो असतो, आणि बाईंनी डोळा हलवू नका म्हणून बजावलं होतं. तेव्हाचं आता लिहितो. आपल्या घरात आभार मानले की माणसं ‘परक्यासारखं काय बोलता’ म्हणून अंगावर येतात. येऊ देत. मी तुझे आभार मानतो. मी लपवत होतो, आणि ते कळल्यावर तू रागावली नाहीस, हसण्यावारी नेलं नाहीस, दुसऱ्या कुणाकरवी निरोप धाडला नाहीस. मला वाचता येईल अशा अक्षरात लिहिलंस. एवढा मान आजवर कुणी दिला नव्हता. चौकातल्या त्या बाईचेही आभार मानावेत असं फार वाटतं, पण ती कोण, कुठली, काही माहीत नाही. चौकातून जाताना मनातल्या मनात मानतो.

आता गाडीची बातमी. जाहिरात कायमची काढून टाक. गाडी तुझी मामी चालवणार. चालवणार कसली, चालवतेच! मार्चपासून शिकवणीला जात होती, तिसऱ्या फेरीत पास झाली आणि गेल्या आठवड्यात परवाना आला. परीक्षा घेणाऱ्याला म्हणाली, ‘शिवणयंत्राचं पायडल इतकी वर्षं दाबतेय, ह्याचं काय घेऊन बसलात?’ त्याने घाबरून पास केलं असावं. सकाळी ती स्वतः कारखान्यात जाते. मी शेजारी बसून तिथपर्यंत जातो आणि बसने परत येतो. म्हणजे शेवटी बसने जायचं माझ्याच नशिबी आलं. डावं दार तिने ठोकून घेतलं. फाटकाच्या खांबाला पांढरा पट्टा मारून दिलाय, मोठा, मलाही दिसेल असा.

चालवते कशी म्हणशील, तर गियर असे बदलते जसं कुणाचं तरी उट्टं काढायचंय. वळणावर हात न दाखवता वळते आणि वर मलाच विचारते, ‘बरोबर वळले ना?’ काल ट्रकच्या इतक्या जवळून नेली की त्याच्या पाठीवरचं सगळं मी वाचलं, अगदी पेंटरने कोपऱ्यात टाकलेल्या सहीसकट. डोळे गच्च मिटावेसे वाटत होते. मिटले नाहीत. रोज सकाळी हे सगळं मला उघड्या डोळ्यांनी बघावं लागतं. बघता येतं म्हणून बघावं लागतं, पोरी, आणि त्याबद्दल मी तुझा फार फार आभारी आहे.

तुझा मामा